इंग्रजीतील मुकी अक्षरे

वाळूजच्या कारखान्यांच्या अंगास वसलेले आमचे बजाजनगर हे काही संस्कृताचे गाव नव्हे. १९८५ साली वाळूजला बजाजांचा वाहनांचा कारखाना सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे केली. पाळीच्या बसगाड्यांच्या वेळेवर येथील घरांच्या चुली पेटतात. अशा वस्तीत, मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या व लहानपणी अमरकोश घोकलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराकडे मुले येतात, ती इंग्रजी शब्द पाठ करावयास! अमुक अक्षरे ज्यांत एकत्र येतात असे वीस शब्द अर्थांसह लिहून आणा, असा शाळेचा हुकूम असतो.

या याद्यांस नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. अमरसिंहाने तरी दुसरे काय केले? त्याच्या कोशाच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात शब्द लाविले आहेत ते अखेरच्या व्यंजनाच्या क्रमाने: आधी ककारान्त, मग खकारान्त, मग गकारान्त. मेदिनीकोशाची रचनाही तशीच आहे. अक्षराचे बोट धरून शब्दापर्यंत जावे, ही युक्ती आपल्या घरचीच. फरक एवढाच की, आपल्याकडे लिहिलेले अक्षर उच्चारले जाते.

गेल्या पावसाळ्यात सातवीतील एक मुलगी 'जी' आणि 'एच्' यांची यादी घेऊन आली. नाइट म्हणजे रात्र, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी, राइट म्हणजे बरोबर, लाइट म्हणजे हलका. अर्थ सगळे तोंडपाठ; लिहिताना मात्र ही दोन अक्षरे गळत, आणि तेवढ्यावर तिचे गुण जात. वडील लेथवर कामाला. इंग्रजी शाळेची फी फुकट जाते आहे, तेव्हा येत्या जूनपासून हिला आजीकडे गावी ठेवावी, असा बेत घरात चालला होता. तिने तो मला अगदी सहज सांगितला व मग विचारले, "आजोबा, जे बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला?"

प्रश्न व्याकरणकाराला शोभेल असा होता. 'पाठ कर' म्हणून तो वाटेस लावणे मला बरे वाटेना.

ही अक्षरे जन्मतः मुकी नव्हती. इ. स. १४०० साली वारलेला चॉसर कवी 'नाइट' या शब्दात घशातून निघणारा, आपल्या ख-ह यांच्या जवळचा ध्वनी स्पष्ट उच्चारीत असे. जर्मन लोक आजही रात्रीला 'नाख्ट', आठाला 'आख्ट' आणि मुलीला 'टॉख्टर' म्हणतात. इंग्लंडात १४७६ साली कॅक्स्टनने छापखाना घातला. छापणाऱ्यांच्या हाती लेखन हळूहळू घट्ट होत गेले आणि तोंडातला ध्वनी मात्र पुढे विरून गेला. 'लाफ', 'कफ', 'टफ' अशा काही शब्दांत त्याचा फकार झाला, एवढेच.

आता संस्कृत शब्द शेजारी मांडून पाहा. नाइट आणि नक्त. एट आणि अष्ट. डॉटर आणि दुहितृ. राइट आणि ऋजु. हलका या अर्थाचा लाइट आणि लघु. जेथे आपला क, ग, ज, घ किंवा ह आहे, नेमके तेथेच इंग्रजाचे हे मुके जोडपे उभे आहे! (अष्टातला ष जुन्या तालव्य ककाराचा, एवढे पंडितांसाठी सांगून ठेवतो.) २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळच्या बहिणी असाव्यात असे सांगितले, तेव्हापासून हे नाते विद्वानांस ठाऊक आहे, सातवीच्या मुलीस ते कोणी सांगत नाही. प्रकाश या अर्थाचा लाइट आणखी निराळा. त्याचे मूळ आपल्या रुच् धातूच्या गोत्रातले. एका रूपाचे दोन शब्द, दोन कुळांचे. अमरसिंहाने तो नानार्थवर्गात खास घातला असता. आमच्याकडे तर 'लाइट गेली' हे वाक्य रोजचेच, तेव्हा रुच् धातूचे विस्मरण होण्याची भीती नाही.

आपण मराठीत ध्वनी गाळले नाहीत असे थोडेच आहे! अष्टाचे आठ केले. लघूतील अक्षरांची अदलाबदल करून हळू व हलका हे शब्द मिळविले. नक्त बोलण्यातून गेला, तो श्रावणात नक्त करणाऱ्यांच्या घरी उरला. दुहितेला मराठी विसरली, पण गोव्यात कोंकणी माणूस लेकीला आजही 'धूव' म्हणतो. मात्र आपण उच्चार बदलला की लेखणीही बदलली. इंग्रजाने जुने दप्तर तसेच ठेविले. लिहिणाऱ्या मुलाच्या दृष्टीने आपली रीत दयाळू, यात मला संशय नाही.

मुलीने वहीत दोन रकाने आखले व पुढील आठ दिवसांत यादीतील प्रत्येक शब्दाला संस्कृत नातेवाईक मागू लागली. 'डिलाइट' म्हणजे आनंद, यापाशी मी तिला थांबविले. हा शब्द जुन्या फ्रेंचातून आला. त्यात ही अक्षरे मुळीच नव्हती. 'लाइट' पाहून कोणी लेखकांनी ती मागाहून चिकटविली. "म्हणजे यांनापण चुकीचं लिहिल्याबद्दल कुणी मार्क कापले नाहीत!" ती म्हणाली, आणि त्या शब्दापुढे तिने लाल शाईने फुली मारली.

दिवाळीपूर्वीच्या चाचणीत तिची 'जी' व 'एच्' एकदाही गळली नाहीत. गावी धाडण्याचे तिच्या वडिलांनी अद्याप रद्द केलेले नाही. मार्चपर्यंत पाहू, म्हणतात. सध्या आम्ही 'एन्'च्या आधी मुक्याने बसणारा 'के' घेतला आहे. 'नी' म्हणजे गुडघा, तो जानु. 'नो' म्हणजे जाणणे, तो ज्ञा. 'नाइफ'ला मात्र संस्कृतात कोणी सापडत नाही, आणि ती रोज संध्याकाळी येऊन मला त्याबद्दल विचारते.