पत्त्याचा पुरावा

परदेशात बिऱ्हाड कसं थाटावं या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी परदेशात कधीच गेलेलो नाही. गेलेल्या माणसाला फक्त स्वतःचा अनुभव असतो. न गेलेल्याला सगळ्यांचा असतो. शिवाय मी बी. कॉम. आहे, बँकेत बावीस वर्षं कारकुनी केली आहे आणि पुणे-सातारा-पुणे अशा बदल्यांत बिऱ्हाडं हलवली आहेत.

तेव्हा ताईचा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत, स्टुटगार्टला निघाला, त्या वेळी सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. ती कुणी केली ते विचारू नका. बँकेत 'प्रभारी' हे पद जसं आपोआप अंगावर येऊन पडतं, तसंच हेही.

पहिली बैठक सामानाची. विमान कंपनीची परवानगी 23 किलोची आणि ताईची यादी 41 किलोची. त्यात दोन किलो घरचं साजूक तूप. मी नियम वाचला : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस किंवा दूधदुभतं नेता येत नाही.

"तूप म्हणजे काय मांस आहे का?" ताई भडकली.

"ताई, ते दूधदुभत्यात येतं. पेढेसुद्धा येतात."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा कायदा मीच रात्री बसून केला होता. शेवटी तूप निघालं आणि त्या जागी माझ्या सल्ल्यावरून पाच लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर गेला. दोन जादा रिंगा आणि एक जादा शिट्टी, हाही माझाच दूरदर्शीपणा.

तिथल्या तात्पुरत्या खोलीत इंडक्शनची शेगडी निघाली. तिला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमला ती ओळखच देत नाही. भाच्यानं कुकर ठेवला, शेगडीनं दोनदा टीं टीं केलं आणि गप्प बसली. "मामा, कुकरचं आता काय करू?" असा निरोप आला. मी कळवलं, "तांदूळ भरून ठेव."

खरा घोळ पुढे होता. परक्या देशात ओळख न देणारी शेगडी एकटीच नसते.

जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. नोंदणीसाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. भाच्याच्या खोलीचा मालक म्हणाला, पत्र मिळणार नाही, खोली थोड्या दिवसांपुरती आहे. बरं, कायमचं घर बघावं, तर नवा मालक विचारतो, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या कुठायत? जुनी कर्जं-उधाऱ्या वेळेवर फेडल्याचा दाखला कुठाय? पोरगं उतरून आठवडा झालेला. त्यानं फेडावं काय आणि कुणाचं? पगार जमा करायला खातं हवं. बँक म्हणते, आधी पत्त्याची नोंदणी दाखवा.

म्हणजे घरासाठी पगार, पगारासाठी खातं, खात्यासाठी पत्ता आणि पत्त्यासाठी घर. आमच्या ताळेबंदात दोन्ही बाजू जुळतात, पण त्या निदान वेगळ्या असतात. इथे एकच बाजू गोल फिरत होती.

भाडंसुद्धा दोन जातींचं : थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या जागेचं. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट वगैरे आलं. अनामत मात्र थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, ती तीन हप्त्यांत देता येते आणि मालकाला ती बँकेत वेगळी, व्याजावर ठेवावी लागते. हे वाचून मला जर्मनीविषयी एकदम आपुलकी वाटली. पण कित्येक घरं इतकी रिकामी मिळतात, की स्वयंपाकघरात ओटा नाही, नळाखाली मोरी नाही, छताला नुसत्या वायरी. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन जातो. आमच्याकडे जाणारा भाडेकरू निदान भिंतीतले खिळे तरी ठेवतो.

एका रात्री दीड वाजता फोन वाजला. तिकडे दहा वाजले होते.

"मामा, झोपला होतात?"

"छे रे, हिशेब जुळवत होतो."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मी परत येऊ का? आईला सांगू नका. इथे नोकरी आहे, पैसे आहेत, पण मी कुठे राहतो हे कुणी लिहूनच द्यायला तयार नाही."

इतक्या सल्ल्यांचा साठा असलेला मी, मला त्या वेळी एकही सुचला नाही. "उद्यापर्यंत थांब," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर एक मुलगा आला. नांदेडकडचा, कुठल्याशा कारखान्यात नुकताच लागलेला. पगारासाठी खातं हवं होतं. आधार गावच्या पत्त्याचं. एका खोलीत सहा जण; मालक भाडेकरार करत नाही. माझ्या तोंडून बावीस वर्षांच्या सवयीनं निघालं, "पत्त्याचा पुरावा आणा." तो "बरं साहेब" म्हणून वळला. त्याचा आवाज रात्रीच्या फोनमधला होता.

"ओ, थांबा," मी ओरडलो. मॅनेजरसुद्धा दचकले.

कारण नियम मला ठाऊक होता. आधारनं ओळख पटवून खातं उघडताना सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर तो ग्राहकानं स्वतःच्या सहीनं लिहून दिला तरी चालतो. त्या परिपत्रकाला मीच भोकं पाडून ते फायलीला लावलं होतं. फक्त वापरलं नव्हतं. वीजबिल मागणं सोपं पडतं; माणूस निघून जातो. असे किती गेले असतील, त्याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही. मुलाला बसवलं, अर्ज मीच भरला.

भाच्याचंही निभावलं. तिथल्या एका मराठी कुटुंबानं त्याला एक खोली दिली आणि मुख्य म्हणजे पत्रावर सही दिली. पुढे चार महिन्यांनी स्वतःचं घर मिळालं. तिकडे बहुधा फ्लॅटला नंबर नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. त्यानं खालच्या दाराच्या बेलचा फोटो पाठवला. आठ जर्मन नावांत आमच्या ताईचं आडनाव.

"घर दाखवायचं सोडून बेल काय दाखवतोय?" ताई म्हणाली, आणि चष्मा पुसून तो फोटो पुन्हा बघत बसली. मग म्हणाली, "मी जाऊन येते. तूही चल."

म्हणून मी पासपोर्टच्या अर्जाला बसलोय. सध्याच्या पत्त्याचा पुरावा मागतात. आधारवर साताऱ्याच्या बदलीतला पत्ता आहे, वीजबिल अजून कैलासवासी वडिलांच्या नावावर येतं. शेवटी बाहेर जाऊन दारावरची पाटी पाहिली.

तीही वडिलांचीच आहे.