दादीचा फोटो आणि चाळीतली डमी

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी कापडाच्या दुकानातली एक जुनी डमी घरी घेऊन आली. नगरच्या कापड बाजारातल्या एका दुकानदाराने ती टाकून द्यायला काढली होती. एक हात नाही, नाकाचा टवका उडालेला. घोडेगावात कांदा उतरवून परत येणाऱ्या टेम्पोतून ती आली, तेव्हा गल्लीतली पोरं मागे धावत होती. माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या दादी, नुकत्याच जोहरच्या नमाजीवरून उठल्या होत्या. त्यांनी दारातच अडवलं.

"यो बुत घर में नको, दुल्हन. जां नमाज होती, वां ये नहीं चलता."

मला काय बोलावं कळेना. कारण ती डमी आणली होती दादींसाठीच.

झालं असं होतं. दादींच्या उमराहची तयारी चालली होती. व्हिसासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो हवा होता. आम्ही त्यांना एका स्टुडिओत नेलं. तिथल्या माणसाने न विचारता त्यांची ओढणी स्वतःच्या हाताने मागे सारली. दादी दचकल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना फ्लॅश सहन होत नाही. तीनदा फ्लॅश उडाला आणि तिन्ही वेळा डोळे मिटले. चौथा फोटो आला तो डोळ्यांत पाणी असलेला, मागे काळी सावली पडलेला. एजंटने तो परत पाठवला. घरी आल्यावर दादी म्हणाल्या, "अब नको मुझे उमरा."

बावीस वर्षं मी त्यांची सून आहे. इतकं खचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, "अम्मी, फोटो मी काढते. पण दादी एकदाच बसतील, तेही पाच मिनिटं. माझ्या चुका त्यांच्यावर नको व्हायला." म्हणून डमी.

दादींचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. फोटोबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. गरजेच्या कागदांसाठीचा फोटो बहुतेक सगळे मान्य करतात, पण माणसाच्या आकाराचा पुतळा घरात ठेवणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा डमी घरात आलीच नाही. माझ्या दिरांची कांदा चाळ विक्रीनंतर रिकामी होती, तिथे तिची सोय झाली. चाळीच्या पट्ट्यांमधून उन्हाच्या रेघा यायच्या, त्या ताडपत्रीने बंद केल्या. वायर ओढून दोन एलईडी दिवे लावले. भिंतीला पांढरी चादर. फोटो संपले की डमीवर गोणपाट.

महिनाभर मी शाळेतून आले की चाळीत डोकवायची. पहिल्या दिवशी मोबाइलच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० वर ठेवल्यावर पट्टे गेले. मग डमीचा चेहरा चकाकायला लागला, कारण प्लास्टिक. शिवाय ती खडूसारखी पांढरी आणि आमच्या दादी गव्हाळ. मुलीने मुलतानी मातीत गेरू कालवून तिच्या तोंडाला लेप दिला. चकाकीही गेली, रंगही जवळ आला. आता खरी अडचण दिसली. मागे पांढरी चादर असली की कॅमेरा सगळाच फोटो अंधारा करतो आणि गव्हाळ चेहरा काळवंडतो. त्यासाठी उजेडाचं माप हाताने वाढवावं लागतं. दादींची नेहमीची पांढरी ओढणी डमीला घालून पाहिली, तर ती चादरीत विरूनच गेली. गडद निळी घेतली.

सावल्यांचं गणितही तिथेच उलगडलं. दिवा लहान आणि उघडा असला की नाकाची सावली सुरीसारखी पडते. त्याच दिव्यापुढे जुनी मलमलची चादर ताणून धरली की सावलीच्या कडा मऊ होतात. दिवा दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. डमी चादरीपासून चार-पाच फूट पुढे आणली की मागची सावली जाते. एकच दिवा बाजूने, जरा वरून ठेवला, तर सावलीतल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावाने ही पद्धत ओळखतात. दिसायला सुंदर, पण व्हिसाला चालत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी सारखा उजेड लागतो.

मी मुलीला इब्न अल-हैसम यांच्याबद्दल सांगितलं. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेले हे विद्वान. 'किताबुल मनाज़िर' लिहिताना त्यांनी अंधाऱ्या खोलीच्या एका छिद्रासमोर अनेक दिवे मांडले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका जायचा. उजेड सरळ रेषेत चालतो, हे त्यांनी असं करून पाहून दाखवलं. २०१५ हे प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, तेव्हा जगाने त्यांची आठवण काढली. मुलगी म्हणाली, "म्हणजे तेही दिवे झाकून-उघडूनच शिकले."

मला माझं बी.एड. आठवलं. खऱ्या वर्गात पाठवण्याआधी आमच्याकडून सूक्ष्म पाठ घेतले जायचे. समोर आमच्याच मैत्रिणी विद्यार्थी बनून बसायच्या आणि मी पाच-सात मिनिटांत फक्त प्रश्न विचारण्याचं कौशल्य घोटायची. तेव्हा ते पोरखेळ वाटायचं. आज कळतं, आमच्या चुकांची किंमत लेकरांनी मोजू नये म्हणून ते होतं.

एका रविवारी असरनंतर दादी चाळीत आल्या. डमी आधीच ताडपत्रीमागे नेली होती. दिवे, चादर, खुर्ची सगळं जागेवर, जमिनीवर खडूच्या खुणा. मुलीने दिवे एकदम लावले नाहीत. मलमलीमागचा एक लावला आणि विचारलं, "दादी, आंखों को चुभता क्या?" मग दुसरा. ओढणीला तिने हात लावला नाही. आरसा धरला आणि म्हणाली, "दादी, बाल नको दिखने देऊ, सिर्फ चेहरा खुला रखो." दादींनी स्वतः नीट केली.

इथे डमी कमी पडली. डमीचा जबडा आवळत नाही, तिला मागचा अपमान आठवत नाही. दादींचे ओठ घट्ट मिटलेले होते. मुलीने कॅमेरा खाली ठेवला आणि विचारलं, "दादी, काबा दिखा तो पहली दुआ कौनसी मांगोगे?" दादी थोडा वेळ गप्प राहिल्या. चेहरा सैल झाला. तेवढ्यात फोटो झाला. सगळं मिळून चार मिनिटं.

पडद्यावरचा फोटो दादी खूप वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "मेरी अम्मी ऐसीच दिखती थी." त्यांच्या अम्मीचा एकही फोटो नाही.

मुलीला एका दिव्याचा, गालावर त्रिकोण असलेला एक फोटोही काढायचा होता. तिने विचारलं. दादी म्हणाल्या, "बस, बेटा. कागजपुरता." तिने लगेच दिवे बंद केले. तिला वाईट वाटलं असणार, पण आग्रह केला नाही. महिनाभरात ती जे शिकली, त्यातलं मला हे सर्वांत मोठं वाटलं.

अल्हम्दुलिल्लाह, फोटो मंजूर झाला आणि दादी उमराह करून आल्या. आता मोहल्ल्यातल्या बायका फॉर्मच्या फोटोसाठी आमच्याकडे येतात. इथे आपल्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे त्यांना माहीत झालं आहे.

उन्हाळ्यात चाळीत नवे कांदे आले, तेव्हा डमीचं काय करायचं हा प्रश्न पुन्हा निघाला. दीर म्हणाले, भंगारात देऊ. दादी पलंगावरून बोलल्या, "पत्र्याच्या खोलीत ठेवा. वर गोणपाट टाका. पोरीला अजून शिकायचंय."