गाडी डावीकडे ओढते

आमच्या घरात तीन गोष्टींबद्दल शंका घ्यायची पद्धत नव्हती. आईच्या हातचं पिठलं, दहा मिनिटं पुढं असणारं भिंतीवरचं घड्याळ आणि नानांचं ड्रायव्हिंग. पैकी पिठलं आणि घड्याळ अजून टिकून आहेत. नानांच्या ड्रायव्हिंगवर मात्र २०२४ साली आम्ही घरातल्या सर्वांनी मिळून अविश्वासाचा ठराव मंजूर केला. ठराव मांडणारा मी होतो.

नाना म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं एस.टी.त ड्रायव्हर. त्यातली बरीचशी वाई-महाबळेश्वर रस्त्यावर, म्हणजे पसरणीच्या घाटात गेली. त्या घाटात भल्याभल्यांच्या पोटातलं बाहेर येतं. पण आपल्या गाडीत कधी कुणाला उलटी झाली नाही, असं नाना सांगतात. त्यांच्याबरोबरचे कंडक्टर या बाबतीत मौन पाळतात. अशा माणसाच्या पोटी जन्मून मी बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. ज्या नोकरीत माणूस दिवसभर बसून असतो आणि तरी कुठं पोचत नाही, ती नोकरी कसली, असं नानांचं बँकेविषयी मत आहे.

२०१२ साली नाना निवृत्त झाले. सकाळी फिरणं, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचणं, संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून सरकार पाडणं, हे सगळं त्यांनी आठ दिवस करून पाहिलं. नवव्या दिवशी ते एक जुनी पिकअप घेऊन दारात हजर झाले. १९९९चं मॉडेल. पुढं पाटे, मागं पाटे, आणि बसणाऱ्याचं जे व्हायचं ते होवो! एस.टी.च्या वर्कशॉपमधले मिस्त्री म्हणजे नानांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांनी सौदा व्हायच्या आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली होती आणि "घेऊ नका" एवढंच सांगितलं होतं. नानांनी घेतली. तेव्हापासून गाडीत काहीही बिघडलं तरी ते मिस्त्रींच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम होऊन बसला.

गाडीनं मात्र नानांचं नाव राखलं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत पाचगणीहून खोकी उतरवायची, एरवी हळदीची पोती, सिमेंट, लग्नाच्या मांडवाचे खांब. एकदा तर नवरामुलगाही नेला, कारण वराची सजवलेली मोटार जोशीविहीर फाट्यावर बंद पडली होती.

२०२३च्या जानेवारीत पुढच्या डाव्या बाजूचा पाटा तुटला. नेमकं त्याच आठवड्यात नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते काळा चष्मा लावून, एखाद्या निवृत्त गुप्तहेरासारखे पलंगावर बसले होते. तेव्हा गाडी दुरुस्तीला न्यायचं माझ्यावर आलं. मी ती हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात घातली. तिथल्या माणसानं खाली वाकून पाहिलं आणि मला यादी सांगितली: पाटा नवा, यू-बोल्ट नवे, दोन चाकांना एकमेकांशी बांधणाऱ्या टाय रॉडची टोकं नवी, आणि स्टेअरिंगच्या पेटीतून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंकचा दांडाही नवा. मी प्रत्येक वस्तूला, कर्ज मंजूर करणाऱ्या मॅनेजरसारखी, गंभीरपणे मान डोलावली. कळलं काहीच नाही. (मॅनेजरलाही नेहमी कळतंच असं नाही.)

तीन दिवसांनी गाडी मिळाली. रस्त्यावर घेतली तर गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं! स्टेअरिंगची जी काडी बाराला असायची ती एकला. मी परत फिरवली आणि म्हणालो, "हे वाकडं आहे." इथं मी जरा आवाज चढवला होता, हे कबूल करायला हवं. त्यानं एका पोऱ्याला हाक मारली. पोऱ्यानं हॉर्नचं झाकण काढलं, मधला नट सोडला, स्टेअरिंगचं चाक उपटून वर काढलं, सरळ धरलं आणि पुन्हा ठोकून बसवलं. पाच मिनिटांत काम. शंभर रुपये.

मी खूश! दोषावर बोट ठेवलं आणि तो समोर दुरुस्त करून घेतला, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. फक्त डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायला लागला. आमची गल्ली मुख्य रस्त्यावरून डावीकडे आहे. त्यामुळे नाना कोपऱ्यावर वळले की हॉर्न वाजायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. दोष म्हणून कुणी त्याकडे पाहिलंच नाही. उलट सोय झाली.

नानांनी महिन्याभरानं गाडी हातात घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते."

"डोळ्याला सवय व्हायचीय अजून," मी म्हणालो.

"मी डोळ्यानं नाही चालवत, हातानं चालवतो."

यावर आम्ही सगळे हसलो. पुढं वर्षभर ते वाक्य आमच्या घरात गाजत राहिलं. नानांनी हवा तपासली, पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, ब्रेकचे ड्रम तापतात का म्हणून हात लावून पाहिले. गाडी डावीकडे ओढायची ती ओढायचीच. उजवीकडे पूर्ण वळवायची तर पूर्वीपेक्षा जास्त रस्ता मागायची. मिस्त्रींकडे जायला तर तोंड नव्हतं. नाना दिवसभर स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरायचे आणि रात्री आई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची.

मग २०२४च्या मार्चमध्ये ते व्हायचं तेच झालं. समोरून बस आली, नानांनी एका हातानं गिअर बदलला आणि गाडीची डावी बाजू एका मोरीच्या कठड्याला घासत गेली. कुणाला काही झालं नाही. एक आरसा गेला आणि बत्तीस वर्षं गेली.

घरात बैठक बसली. मी बँकेच्या भाषेत बोललो, म्हणजे 'जोखीम' हा शब्द तीनदा वापरला. शेवटचा पुरावा म्हणून मी गाडी एका कॉम्प्युटरवाल्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानात नेली. त्यांनी चारही चाकांना पत्रे लावले, पडद्यावर हिरवे-लाल बाण नाचवले आणि एक छापील कागद दिला. वर सगळं हिरवं! मी तो कागद नानांपुढं ठेवला. नानांनी चष्मा लावून तो बघितला आणि काही न बोलता गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मी ती कपाटात टाकली. कागद फाइलला लावला. फाइलिंग माझं चांगलं आहे.

पुढचे सहा महिने नाना देवळाच्या पारावर बसत होते. सरकारवरही फारसं बोलत नव्हते.

ऑक्टोबरात गाडीचं पासिंग आलं. जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करून घ्यावंच लागतं. मी रजा टाकली आणि गाडी साताऱ्याकडे काढली. पाच किलोमीटर गेलो असेन. उजवा हात भरून आला. हात जरा सैल सोडला तर गाडी शहाण्या बैलासारखी डावीकडच्या उसाकडे निघाली! मी ती कडेला घेतली. माझे डोळे ठीक होते. वयही पंचेचाळीस.

मी गाडी वळवली आणि थेट मिस्त्रींच्या दारात उभी केली. त्यांनी पाहिलं, ओळखलं, आणि बारा वर्षांचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "ज्यांची गाडी त्यांना बोलवा," ते म्हणाले, "मग हात लावतो."

नाना आले. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघंही गाडीशी बोलले. मिस्त्रींनी एक टेप काढली. तिचं एक टोक मला पुढच्या चाकाच्या मध्यावर धरायला लावलं, दुसरं त्यांनी मागच्या चाकाच्या मध्यावर धरलं. उजवीकडे मोजलं. डावीकडे मोजलं. डावीकडचं अंतर अकरा मिलिमीटरनं कमी!

"पाट्यांच्या मधून एक बोल्ट जातो," मिस्त्री मला, लहान मुलाला सांगावं तसं, सांगू लागले. "त्याचं डोकं खाली एक्सलच्या खड्ड्यात बसायला पाहिजे. ते काठावर चढून बसलंय आणि वरनं यू-बोल्ट आवळलेत. म्हणजे अख्खा एक्सल डावीकडनं मागं सरकलाय. गाडी डावीकडंच बघतीय, साहेब. जाणार कुठं?"

मी झटकन तो छापील कागद काढला. येताना फाइल बरोबरच होती. मिस्त्रींनी काळं बोट अगदी तळाशी ठेवलं. तिथं 'सेट बॅक' नावाची एक ओळ होती आणि ती लाल होती. खालच्या बारीक अक्षरांतलं वाचून मगच सही करा, असं मी गेली वीस वर्षं खातेदारांना सांगत आलोय.

"पण मग स्टेअरिंग सरळ कसं?" मिस्त्री स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी हॉर्नचं झाकण उचकटलं. आत दांड्यावर छिन्नीची एक खूण होती आणि चाकावर एक. नानांनी २०१२ साली स्वतः मारलेल्या. दोन्ही खुणा समोरासमोर असायला हव्या होत्या. त्या दोन बोटं लांब होत्या.

"हे कुणी काढलं?"

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असतो असं नाही. दोन चुका एकमेकींना झाकून बसू शकतात. या प्रश्नाला मला आठपैकी सात मार्क होते. मी यू-बोल्ट किती आहेत ते मोजू लागलो. चार होते. मी ते पुन्हा मोजले.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग मिस्त्रींकडे वळून, बारा वर्षांत प्रथमच गाडीबद्दल, म्हणाले, "मला वाटलं होतं, हातच गेला माझा."

मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी जॅक लावला.

दुपार त्यातच गेली. बोल्टचं डोकं खड्ड्यात बसवलं आणि यू-बोल्ट फुल्लीच्या क्रमानं थोडे थोडे आवळले. मग पुढची चाकं उचलून, ती फिरवत, खिळ्यानं दोन्ही टायरवर एकेक रेघ ओढली. गाडी खाली घेऊन ती थोडी पुढं ढकलली. मागं ढकलायची नाही, माप फसवं येतं म्हणे. दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. पुढून ते तीन मिलिमीटर कमी येईपर्यंत टाय रॉड फिरवला. त्याला एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्याला उलटे असतात, त्यामुळे दांडा नुसता फिरवला की लांबी कमीजास्त होते. मग स्टेअरिंगचं चाक नानांच्या खुणेवर परत बसवलं, आणि ते सरळ होईपर्यंत खालून ड्रॅग लिंकची लांबी जमवली. हेच काम त्या पोऱ्यानं वरून, शंभर रुपयांत केलं होतं. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "तेव्हाच सांगितलं होतं, घेऊ नका म्हणून," एवढं मात्र त्यांनी वसूल केलं.

नाना चालवायला बसले. मी शेजारी. पहिल्या दोनशे फुटांत गाडी सरळ उजवीकडे गेली! मी ओरडलो. नाना हसले. वर्षभर उजवीकडे दाबायची हाताला सवय झाली होती. त्यांनी हात सैल सोडले, नुसती बोटं स्टेअरिंगवर टेकवली, आणि पसरणी गावापर्यंत आम्ही तसेच, न बोलता, उगाचच जाऊन आलो.

कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळली. दारात थांबली तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती दचकली.

"अगंबाई! हॉर्न नाही वाजला?"

चहा तयार नव्हता. नानांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, थेट कोपऱ्यापर्यंत मागं नेली, तिथं हॉर्न दाबला आणि पुन्हा वळून आत आले. आई तोवर उठून आत गेली होती.