पेटी ठेवायची की काढायची?

आमच्या घरात सध्या एकच राष्ट्रीय प्रश्न आहे : आजोबांच्या पेटीचं काय करायचं? भावाचं मत, गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेला देऊन टाकू, कोपऱ्यात झक्कास दिसेल. वर मनी प्लांट ठेवता येईल! आईचं मत, राहू दे माळ्यावर. (माळा म्हणजे आमच्याकडे निर्णय पुढे ढकलायची जागा.)

आजोबांनी ती घेतली 1958 साली. गंमत म्हणजे तेव्हा आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1940 मध्ये घातलेली, 1971 मध्ये कुठे सैल झाली. आक्षेप मींडेचा. पेटीचे सूर ठरलेले, एकावरून दुसऱ्यावर घसरत जाणं तिला जमत नाही. पण पंचवटीतल्या भजनाला कोण अडवणार? तिथे आजोबा वाजवायचे आणि आजी काळी चारमध्ये गायची.

एका रविवारी मी पेटी उचलून कारागिराकडे नेली. काकांनी भाता मारला. फुस्स! तरी गडी खूश. "भाता फाटू दे हो, आधी सूर बघू." पट्ट्या काढून त्यांनी आतल्या पितळी पत्त्या दाखवल्या. 42 पट्ट्या, दुहेरी सूर, म्हणजे 84 पत्त्या. त्यातल्या दोनच तुटलेल्या. कापड, चामडं, वाळवीनं खाल्लेला तळ, सगळं बदलता येतं. सूर गेले असतील तर मात्र उरतं ते फर्निचर. ते खुशाल कॅफेला द्यावं, मी भावाच्या बाजूने!

तंबोऱ्याचं गणित वेगळं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भोपळा तडकला तरी सांधतात, जवारी तर अधूनमधून काढावीच लागते. म्हणजे दुरुस्ती हा त्या वाद्याच्या संसाराचाच भाग.

पेटीत खरी गोची पुढे आली. मोबाइलवरच्या तंबोऱ्याशी ताडून पाहिलं, तर आमची पेटी सगळीच थोडी चढी. जुळवायची तर 84 पत्त्या घासायच्या. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. आणि घासलेलं पितळ काही परत येत नाही. काका म्हणाले, "आजकाल सगळे जुळवूनच नेतात."

घरी विचारलं. आजी आता 86 वर्षांची, कमी ऐकू येतं. म्हणाली, "माझी काळी चार हलवू नकोस." ती आता त्या पट्टीत गाऊ शकत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

सोमवारी डबा खाता खाता काकांना फोन केला. भाता नवा, दोन पत्त्या जुन्यांशी जुळवून बसवा, बाकी सुरांना हात लावू नका. 9 हजार ठरले. भाऊ वैतागला, त्याच्या गिटारशी हे जुळणार कसं? गिटारच्या खुंट्या पिळता येतात, म्हटलं.