बरणीतली एक जास्तीची गोटी



तुमच्या टेबलाच्या खणातही एक डबा असेलच. जप्त केलेल्या वस्तूंचा. माझ्याकडे खडूचा रिकामा डबा आहे आणि त्यात बहुतेक गोट्याच असतात. तासाला गोटी वाजली की ती डब्यात, शनिवारी परत, असा माझा नियम. (शनिवारी मी नेहमी आठवणीने परत देते असं मात्र नाही. याच लेखात ते कबूल करायचंय.)

खरं सांगते, मला गोट्यांतलं काहीच कळत नव्हतं. आमच्या घरी मुलींनी सागरगोटे खेळायचे, गोट्या भावांच्या. गल करून खेळतात एवढं पाहिलेलं. मग डिसेंबरात माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला आणि काचेची एक बरणी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ताई, तुझ्या वर्गासाठी." तो ओहायो राज्यात राहतो. तिकडे लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, तिथे त्याला ही बरणी मिळाली. आत जुन्या गोट्या!

त्यातल्या काही दुधी, त्यावर लाल, निळे, पिवळे पट्टे. आपल्याकडच्या पारदर्शक, आत रंगीत पाकळ्या असणाऱ्या गोट्यांपेक्षा अगदी वेगळ्या. मग मी वाचायला लागले आणि रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत भिंग घेऊन बसायला लागले. घरचे हसायचे.

वर्गात सांगायला उपयोगी पडेल म्हणून थोडं लिहिते. पूर्वी काचेच्या गोट्या हाताने करत, मुख्यतः जर्मनीत. लाउशा नावाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध. काचेच्या गरम कांडीपासून गोटी कापून वेगळी केली की जिथे ती तुटली तिथे खडबडीत खूण राहते. मुलांना मी तिला 'बेंबी' म्हटलं आणि एका मिनिटात सगळ्यांना कळलं. ज्या गोटीला बेंबी आहे ती हाताची. मशीनच्या गोटीला बेंबी नसते.

मशीन आलं अ‍ॅक्रन शहरात, भावाच्या घरापासून तासाभरावर. मार्टिन क्रिस्टेन्सन नावाच्या माणसाने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना ऐका. दोन रूळ शेजारी शेजारी फिरतात, त्यांवर स्क्रूसारखे आटे असतात. वितळलेल्या काचेचा गोळा त्या आट्यांत पडला की लोळत लोळत पुढे सरकतो, गोल होतो आणि टोकाला पोहोचेपर्यंत घट्ट होतो. आपण लाडू वळतो तसंच, फक्त हात थांबत नाहीत. सुरुवातीला काच भट्टीतून माणूसच काढून द्यायचा. पुढे तेही काम यंत्राकडे गेलं. पहिल्या महायुद्धात जर्मन गोट्या यायच्या बंद झाल्या आणि अमेरिकन कारखान्यांचे दिवस आले.

माझा लाडका कारखाना अ‍ॅक्रो अ‍ॅगेट. अ‍ॅक्रन शहरावरून 'अ‍ॅक्रो', आणि अ‍ॅगेट म्हणजे अकीक, कारण त्याआधी चांगली गोटी म्हणजे अकीक दगडाची. त्यांच्या छापावर चोचीत आणि पायांत गोट्या धरून उडणारा कावळा आहे. इंग्रजीत 'अ क्रो' म्हणजे एक कावळा! हा विनोद तिसरीच्या मुलांना माझ्याआधी कळला. १९१४ मध्ये हा कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेला, कारण तिथे भट्टीसाठी गॅस स्वस्त होता. १९५१ मध्ये तो बंद पडला.

त्यांची ओळखीची गोटी म्हणजे पिळाची, 'कॉर्कस्क्रू'. दोन रंगांची काच एकत्र पडताना तिला गरगर फिरवत. त्यामुळे रंगाची फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिन्यासारखी वळत जाते आणि वाटेत स्वतःला कुठेच भेटत नाही. पेल्टियर नावाच्या दुसऱ्या कारखान्याच्या गोटीवर पट्टे असतात, पण असा सलग पीळ नसतो. आत पाकळी असलेली 'मांजरडोळा' गोटी मात्र बरीच नंतरची. ती जपानने १९५० च्या सुमारास अमेरिकेत आणली आणि तिथल्या कारखान्यांना घाम फोडला.

किराणा दुकानदाराकडून नोटा तपासायचा जांभळा टॉर्चसुद्धा मी मागून आणला. काही जुन्या गोट्या त्या उजेडात हिरव्या चमकतात. काही नव्याही चमकतात, म्हणून त्यावरून वय ठरवता येत नाही. हे मला उशिरा समजलं.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारीत मी वर्गीकरणाचा पाठ घेतला. आपल्याकडच्या गोट्या तुलनेला हव्यात म्हणून जप्तीचा डबाही त्याच परातीत ओतला. पारदर्शक गोट्या नंतर सहज वेगळ्या करता आल्या. उरलेल्यांना मी घरी बसून चिठ्ठ्या लावल्या. एका दुधी गोटीवर लाल रंग वळलेला होता. चिठ्ठी लिहिली : 'अ‍ॅक्रो, पिळाची, सुमारे १९३०.' आणि दुसऱ्या दिवशी ती मोठ्या कौतुकाने फिरवली.

आमच्या तिसरीतला एक मुलगा, इथे त्याला किसन म्हणू, गोटी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, ही माझी हाय."

मी हसले. "नाही रे बाळा, ही अमेरिकेतून आलीय. तुझ्या आजोबांपेक्षा मोठी आहे ती."

सगळा वर्ग हसला. तो म्हणाला, "पप्पांनी जत्रेतनं आणली. तिला टवका हाय, मी दगडावर आपटली व्हती."

टवका होता. पण ओहायोच्या गोट्यांनाही टवके होतेच. गोट्या जमवणारे टवक्याला दोष मानतात, त्याने किंमत उतरते, असं मी वाचलं होतं. तेच मी वर्गाला सांगितलं. म्हणजे पोरगं आपली खूण दाखवत होतं आणि मी त्यावर माहिती देत होते. वर त्याला बरणीतली दुसरी, जास्त चमकणारी गोटी देऊ केली. त्याने घेतली नाही. जागेवर जाऊन बसला आणि दोन दिवस हजेरीला 'हजर'सुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणत होता.

किसनचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर गेले की कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत तो आजीजवळ असतो. हे मला माहीत होतं. पण गोटीचा आणि त्याचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही.

तिसऱ्या रात्री भावाने डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो सापडला. बरणी भरण्याआधी त्याने सगळ्या गोट्या टेबलावर मांडून काढलेला. मी मोजल्या. ४६. चिठ्ठ्या लावलेल्या मोजल्या. ४७. पुन्हा मोजल्या, यजमानांकडूनही मोजून घेतल्या. ४७च. मग ती दुधी गोटी भिंगाखाली धरली आणि या वेळी लाल रंगावरून सुईचं टोक फिरवत नेलं. तो अर्ध्यात विरला होता. टोकापर्यंत गेलेलाच नव्हता. पीळ नव्हताच तो, पिळासारखा दिसणारा ओघळ होता. मला 'अ‍ॅक्रो' हवी होती म्हणून मी उरलेला अर्धा मनानेच पुरा केला होता.

सकाळी प्रार्थना झाल्यावर वर्गासमोर सांगितलं, की मॅडम चुकल्या, गोटी किसनची आहे. शनिवारी परत द्यायला विसरले होते हेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, बाकीच्या चिठ्ठ्या बरोबर हायेत का?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येक गोटीची फीत सुईने शेवटपर्यंत तपासली. अकरा चिठ्ठ्यांवरचं कारखान्याचं नाव खोडून फक्त 'मशीनची' असं लिहावं लागलं. चार गोट्यांवर पीळ टोकापासून टोकापर्यंत होता, तेवढ्या अ‍ॅक्रो राहिल्या.

किसनला म्हटलं, तुझी गोटी घरी ने, पण तिचीही एक चिठ्ठी कर. त्याने माझीच जुनी चिठ्ठी उलटी केली आणि मागे पेन्सिलीने लिहिलं :

'पप्पा. जत्रा. टवका मी पाडला.'

चिठ्ठी परातीत ठेवली, गोटी खिशात घातली आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत दोनदा बाहेर काढून पाहिली. मी काही बोलले नाही.