दुरुस्तीनंतरची दुरुस्ती

यंत्र बिघडले असता मनुष्य दुःखी होतो, हे खरे. परंतु दुरुस्त केलेले यंत्र पूर्वीपेक्षा वाईट चालू लागले म्हणजे त्याची जी अवस्था होते, तिला दुःख हा शब्द अपुरा पडतो. पक्षकाराने कोर्टाचा सारा खर्च सोसावा, हुकूमनामाही आपल्या बाजूने मिळवावा, आणि दरखास्तीच्या वेळी ताबा मात्र हाती येऊ नये, तशातलाच हा प्रकार. वकिलीत वीस वर्षे काढल्यामुळे या अवस्थेशी आमचा परिचय जुना आहे. तीच अवस्था यंत्रांच्या राज्यात कशी असते, हे आम्हांस 2023 सालच्या नाताळच्या सुटीत पाहावयास मिळाले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे आमचा भाचा नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे आम्ही तीन आठवडे होतो, आणि त्याच्या जुन्या जेटबोटीचा कार्बुरेटर हा त्या तीन आठवड्यांतील घरातला मुख्य विषय होता.

मांडवी-जुवारीच्या काठी वाढलेल्या आमच्या वाचकांना होड्यांचे नावीन्य नाही. परंतु जेटबोटीची जात निराळी. तिच्या तळाखाली ना पंखा असतो, ना सुकाणू. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढावयाचे, पंपाने त्याला वेग द्यावयाचा आणि मागच्या तोंडातून ते जोराने फेकावयाचे. त्या फेकीच्या उलट होडी पुढे धावते. विल्यम हॅमिल्टन या कल्पक गृहस्थांनी 1950 नंतरच्या काही वर्षांत ही होडी न्यूझीलंडच्या नद्यांसाठी सिद्ध केली. तिकडच्या नद्या गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रातून वेणीच्या पेडांसारख्या अनेक उथळ धारांनी वाहतात. तेथे साधा पंखा पहिल्याच दगडावर मोडावयाचा. आपल्याकडील भाविकांनाही ही होडी अगदीच अपरिचित नाही. 1977 साली एडमंड हिलरी हॅमिल्टन बनावटीच्या तीन जेटबोटी घेऊन गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध निघाले. त्यांना पाहण्यासाठी काठाकाठाने लोकांची दाटी झाली होती. अखेर नंदप्रयागाजवळ एका धबधब्याने त्यांची वाट अडविली.

या होडीचा एक गुण आहे, आणि तोच तिचा मोठा धोकाही आहे. मागच्या तोंडातून फेकल्या जाणाऱ्या पाण्याची दिशा बदलूनच ती वळते. म्हणून इंजिन बंद पडले की केवळ गती जात नाही, दिशाही जाते. वेगाच्या धारेत, समोर खडक असताना, इंजिनाने क्षणभर आचका दिला तर हातातले चाक निरुपयोगी होते. हे ऐकल्यापासून सूनबाईंनी एक अट घातली होती. "इंजिन नीट चालल्याची खात्री पटेपर्यंत मी मुलाला त्या होडीत बसवणार नाही," असे तिने स्पष्ट सांगितले होते. आमच्या मते ही अट कायद्याच्या दृष्टीनेही निर्दोष होती.

भाच्याने हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, कार्बुरेटरचा जीर्णोद्धार केला होता. आठ सिलिंडरांचे जुने अमेरिकन इंजिन, त्यावर चार नळ्यांचा कार्बुरेटर. त्याने तो संपूर्ण सोडविला, प्रत्येक छिद्र साफ केले, नव्या संचातील वॉशर, गॅस्केट, पडदे घातले आणि पुन्हा बसविला. अंगणात बागेच्या नळीने पाणी देऊन इंजिन चालविले तेव्हा ते उत्तम चालले. नदीत मात्र वेग कमी करताच ते बंद पडू लागले, आणि वेग वाढविताना एक आचका देऊन मग धावू लागले. तेव्हा भाच्याने एकाच संध्याकाळी मोठे जेट बसविले, मिश्रणाचे स्क्रू फिरविले आणि ठिणगीची वेळही हलविली. परिणामी दोष गेला नाही. कोणता बदल कशास कारण झाला, हे मात्र कोणासच सांगता येईना.

शेजारी सत्तरी ओलांडलेले एक मेंढपाळ शेतकरी राहतात. त्यांचे अर्धे आयुष्य या नद्यांत गेले आहे. ते आले, आणि कार्बुरेटरला हात न लावता त्यांनी पहिला प्रश्न केला, "तू काय काय बदललेस, ते आधी लिहून काढ." नंतर ते तिन्ही बदल त्यांनी पूर्वस्थितीस आणावयास लावले. आम्ही मनात म्हटले, हा मनुष्य आमच्याच धंद्यातला. साक्षीपुराव्यात ढवळाढवळ झाली असेल तर प्रथम मूळ कागद पुढे आणावे लागतात.

त्यांचे दुसरे तत्त्व असे की, कार्बुरेटर हा गावातील बदनाम इसमासारखा असतो; चोरी कोणीही करो, पहिला संशय त्याच्यावर. म्हणून इतरांची झडती आधी. त्यांनी प्लग पाहिले, दिव्याच्या साहाय्याने ठिणगीची वेळ तपासली. दोन्ही ठीक होती. पेट्रोलची गाळणी उघडून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढले. त्यात पाणी नव्हते. मग तरंगत्या गोळ्याच्या कोठीतील पेट्रोलची पातळी पाहिली. तीही बरोबर होती. हे सर्व करताना होडीच्या तळातील हवा काढणारा पंखा अखंड चालू होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत बसते. म्हणूनच होडीच्या कार्बुरेटरच्या श्वासनळ्या वाकविलेल्या असतात, की पेट्रोल उतू गेले तरी ते इंजिनाच्याच घशात पडावे. मोटारीचा कार्बुरेटर होडीवर चढविणे हा शुद्ध अविचार होय.

आता मिश्रणाच्या स्क्रूंची पाळी आली. ते हलकेच बंद करून दीड फेरा उघडले. नियम असा की, इंजिन मंद चालत असता हे स्क्रू आत घेतले तर ते गुदमरून बंद पडावयास हवे, आणि बाहेर घेतले तर त्याची चाल बदलावयास हवी. येथे स्क्रू फिरवा अथवा न फिरवा, फरक नाममात्र. समईच्या वातीला वारा लागत असेल तर तेल कितीही घाला, ज्योत स्थिरावत नाही. आधी वारा कोठून येतो ते शोधावे लागते. म्हाताऱ्यांनी कार्बुरेटरच्या बुडाशी पाण्याचे चार थेंब सोडले. एका कोपऱ्यात थेंब आत ओढले गेले आणि इंजिनाचा आवाज बदलला. कार्बुरेटर उतरविल्यावर दिसले की संचातील गॅस्केट जवळपास सारखे, पण तंतोतंत नव्हे. एका कडेला बोटभर फट उघडी राहिली होती.

मग अंगणात ते कसे चालले? आम्ही तोच प्रश्न विचारला. अंगणात पंपात पाणी नसते, त्यामुळे इंजिनावर भार नसतो; आणि भाच्याने मंद चाल थोडी चढवून ठेवली होती, तिच्याखाली दोष झाकला गेला. बहुतेक जेटबोटींत इंजिन व पंप थेट जोडलेले असतात. नदीत उतरल्यावर मंद चालीतही पंपाला पाणी ढकलावेच लागते. तात्पर्य, या खटल्याचा निकाल नदीतच लागावयाचा.

योग्य गॅस्केट बसविताच स्क्रू आज्ञाधारक झाले. निर्वातमापक लावून काटा सर्वांत वर जाईल तेथे ते सारख्या फेऱ्यांनी स्थिर केले. बंद पडणे थांबले. आचका मात्र राहिला. तो दुसऱ्या आरोपीचा होता. इंजिन बंद ठेवून घशात डोकावत झडप किंचित उघडली, तर पेट्रोलच्या बारीक धारा तत्क्षणी सुटावयास हव्यात; त्या उशिरा सुटत होत्या. त्या छोट्या पंपाच्या दांड्यात ढिलाई राहिली होती. झडप मिटलेली असताना ढिलाई नसावी, आणि पूर्ण उघडल्यावर इंचाचा सुमारे 15 सहस्रांश वाव शिल्लक राहावा, अशी ती जुळणी आहे. शेवटी शांत, रुंद पाण्यात पूर्ण वेगाने धावून प्लग काढून पाहिले. होडीचे इंजिन म्हणजे सतत घाट चढणारी मोटार. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर पिस्टन जळतात. प्लग पांढरे पडले असते तर कमतरता, काजळले असते तर आधिक्य. ते फिकट तपकिरी निघाले. मूळचे जेटच योग्य होते. मोठ्या जेटची गरज मुळी नव्हतीच.

एकाच वेळी तीन उपाय करणारा मनुष्य आळशी नसतो, तो उतावीळ असतो. आणि उतावीळपणाला श्रमाचे रूप असल्यामुळे तो दोष कोणास दिसत नाही. देवालयांच्या जीर्णोद्धारात, संस्थांच्या घटनादुरुस्तीत आणि घरगुती भांडणांतही आम्ही हेच पाहिले आहे. सारे एकदम बदलले जाते, मग जुने बरे होते असे सर्व म्हणतात, आणि नेमका दोष कोठे होता ते कळण्याचा मार्गच बुजून जातो. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवलेला, ही रीत मंद दिसते. तथापि परत फिरण्याची वाट तीच राखून ठेवते. भाच्याने आता एक वही केली आहे. तीत तारीख, स्क्रूंचे फेरे आणि जेटचे क्रमांक आहेत.

आमच्या परतीच्या आदल्या रविवारी वायमाकारिरी नदीत भाच्याने होडी रुंद पात्राच्या मध्यभागी नेली आणि मुद्दाम वेग कमी केला, पुन्हा वाढविला, पुन्हा कमी केला. इंजिन एकदाही चुकले नाही. सूनबाईंनी मुलाच्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे आणखी एकदा ओढून पाहिले, आणि मग म्हणाल्या, "आता वरच्या धारेला चला."