रस्ता वर, घर खाली

नागपुरात पाहुणा आला की त्याची टूर ठरलेलीच असते. सकाळी तर्री पोहे, मग दीक्षाभूमी, झीरो माईलच्या घोड्यांसोबत एक फोटो, संध्याकाळी फुटाळा आणि रात्री सावजी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी मात्र वेगळीच टूर केली. मान खाली घालून! बघायचं होतं ते फक्त जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचं नागपूर. जोती, फरश्या, अंगणं आणि भिंतींवरचे ओलीचे नकाशे.

निमित्त होतं बाबांच्या फोनचं. मी पुण्यात, क्यूबिकलमध्ये. ते म्हणाले, "पावसाळ्याच्या आत अंगण भरून घेतो. मुरूम टाकायचा, वर गट्टू. झंझट खतम." (गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक. उरलेल्या महाराष्ट्रासाठी खुलासा.) आमचं घर पश्चिम नागपुरातल्या एका लेआऊटमधलं, १९८६ सालचं. तेव्हा रस्त्यावरून व्हरांड्यात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. पुढे डांबरावर डांबर चढलं, त्यावर सिमेंट रोड आला, आणि आता गेटमधून आत यायला आम्ही एक पायरी उतरतो. जोराचा पाऊस आला की रस्त्याचं पाणीही आमच्याकडे उतरतं. आजीच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली. दोनदा रंगवली, दोनदा पोपडे आले. आजी रात्रभर खोकते, पण खोली सोडत नाही. "नाहीतर बिल्डरला देऊन टाकू," हे वाक्यही बाबांनी हळूच टाकून पाहिलं होतं. मी दोन दिवसांची सुट्टी टाकली.

काळ्या दगडाची अक्कल

सुरुवात महालातून. गांधी गेटच्या आत शिरलात की गाडी लावा आणि पायी चला. जुन्या वाड्यांचा वरचा भाग विटांचा, पण पायाशी पाहा. गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं काळ्या दगडाचं जोतं. हाच दगड सीताबर्डीच्या टेकडीत आहे. दख्खनचा बेसॉल्ट पूर्वेकडे येत येत नागपूरपाशी संपतो आणि जाता जाता आपल्याला दगड आणि काळी माती दोन्ही देऊन जातो.

आता यात अक्कल कसली? वीट पाणी पिते. चहात बिस्कीट बुडवलं की चहा वर चढतो, अगदी तस्सं. जमिनीतली ओल विटेतल्या बारीक नळ्यांमधून वर येते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. भिंतीवर फुटतो तो पांढरा लोणा हाच. घट्ट काळा दगड पाणी फारसं पीत नाही. म्हणून आधी दगड, मग वीट. आणि विटेवर चुना, कारण चुन्याचा गिलावा श्वास घेतो. आत गेलेली ओल त्यातून बाहेर पडते.

एका वाड्याला मालकाने हौसेने खालपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत ऑईलपेंट मारला होता. खालचे तीन फूट टकाटक. ओल मात्र त्याच्या वर चढून बसलेली! तिला बाहेर पडायची वाटच बंद केली, तर ती जाणार कुठे?

व्हरांड्याची ऐट

तिथून सिव्हिल लाईन्स. हेन्री मेड यांनी आखलेली, १९४० साली सुरू झालेली हायकोर्टाची दगडी इमारत बाहेरूनच पाहिली, आणि मग जुने बंगले. उंच जोतं, चारी बाजूंनी खोल व्हरांडा, कवेलूंचं उतरतं छप्पर. पाऊस भिंतीपर्यंत पोचतच नाही. अंगण मातीचं, झाडांचं, आणि घरापासून दूर उतरणारं. यांना वॉटरप्रूफिंगचा डबा कुणी विकला नसावा.

आपण व्हरांडा काढून त्याची बेडरूम केली. आता भिंत मे महिन्यात ४५ डिग्रीत भाजते आणि जुलैत थेट पावसात भिजते. फुगणं, आकसणं, केसाएवढी चीर, चिरेतून पाणी. त्यात पश्चिमेकडची काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या घरालाही आपल्यासोबत हलवते.

बेसा, मनीषनगरकडे गेलात तर लाल वीट कमी, राखाडी जास्त दिसेल. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख अशी विटांमध्ये जाते. राखेच्या वापरासाठी केंद्राने १९९९ मध्ये अधिसूचनाच काढली होती. वीट चांगली, मापाला नेटकी. पण दरजा नीट भरल्या नाहीत, पुरेसे दिवस पाणी मारलं नाही, तर राखेची काय आणि मातीची काय, भिंत गळणारच.

अंबाझरीचा धडा

शेवटचा स्टॉप अंबाझरी लेआऊट. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी कॉलन्यांमध्ये शिरली. कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट, सगळीकडे घरात पाणी. एवढ्या पुराला कुठलंच जोतं पुरत नाही, हे खरं. पण प्रत्येक पावसात पाणी जाणार कुठे, हा प्रश्न त्या दिवसापासून मला घराघरासमोर दिसतो. कंपाउंड टू कंपाउंड काँक्रीट. मुरायला हातभर जागा नाही. दोन गट्टूंमधल्या सांध्यातून थोडं पाणी मुरतं, पण खाली वाळूऐवजी काँक्रीट ओतलं आणि सांधे सिमेंटने बुजवले की तेही गेलं.

घरी आलो तर मिस्त्री व्हरांड्यात चहा घेत बसलेला. मुरूम सांगायचाच बाकी होता. त्याने जोत्यावर बोटाने एक रेघ दाखवली. "काकाजी, ही डीपीसी आहे. ओल अडवायची पट्टी. तुम्ही अंगण हिच्या वर भरून राह्यले. मग माती भिंतीला पट्टीच्या वरून लागंल. आता भिंत पाणी पिते, मग आंघोळच करंल."

बाबा गप्प. खरं सांगायचं तर मीही. एवढी टूर करून आलो, पण ही रेघ माझ्या डोक्यात आली नव्हती. गेल्या वेळी आजीच्या खोलीमागे बगिचा करताना आम्हीच मातीचा वाफा भिंतीला लावून, पट्टीच्या वर चढवला होता. ओलीचं घर आम्हीच बांधलं होतं!

मग प्लॅन बदलला. वाफा काढायचा. अंगण भरायचं, पण पट्टीच्या सहा इंच खालीच थांबायचं. भिंतीलगत दीड फूट जागा मोकळी, त्यात गिट्टी. गट्टू वाळूवर बसवायचे, उतार भिंतीपासून दूर, तीन फुटांना एक इंच. गेटमध्ये रस्त्याचं पाणी अडवणारा उंचवटा. रस्ताच वर असल्याने आपलं पाणी बाहेर जाणार नाही, म्हणून कोपऱ्यात शोषखड्डा, काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत. आजीच्या खोलीचा सिमेंटचा गिलावा खरवडून तिथे चुना.

"आणि रंग?" बाबांनी विचारलं.

"आत्ता नाही. भिंतीला एक उन्हाळा पाहू द्या."

सोमवारी रात्री पुण्याची गाडी पकडली तेव्हा आजीचा पलंग हॉलमध्ये आला होता. ती तयार झाली, पण एका अटीवर: खोली पाडायची नाही, फक्त वाळवायची. बिल्डरचं नाव बाबांनी परत काढलं नाही. नागपूरच्या मे महिन्याला मी आजवर फक्त शिव्या दिल्या. यंदा त्याला कामाला लावलंय.